सांडव्यावर पोती रचू नका, मालक

पाणीपाळी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नऊ पत्रं आली. त्यातली चार सांडव्याबद्दल, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर जायच्या वाटेबद्दल. श्रावण जवळ आला की दरवर्षी असंच होतं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात मृग नावाला पडतो. खरा भरवसा उत्तरा-हस्ताचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तळं भरायचं ते तेव्हाच, आणि भरायचं ते एका-दोन रात्रीत. तोवर माणसं अर्ध्या रिकाम्या तळ्याच्या काठावर बसून त्याची उंची वाढवायचे बेत करतात. मी स्वतः केलेत, म्हणून सांगतो.

नवीन वाचकांसाठी : मी इंजिनिअर नाही. एकतीस वर्षं कालवा निरीक्षक होतो, बहुतेक काळ लहान तलावांवर. जे आकडे देतो ते आमच्या एका शाखा अभियंत्यानं सिगारेटच्या पाकिटामागं शिकवलेले आहेत. चुकले तर दोष माझ्या डोक्याचा, त्यांच्या पाकिटाचा नाही.

प्रश्न : नमस्कार अण्णा. आमच्या गावचा तलाव १९७२ च्या दुष्काळातला. गाळ बराच साठलाय. मागच्या वर्षी तलाव भरला आणि चार दिवस सांडवा वाहिला, सगळं पाणी ओढ्यानं वाया गेलं. यंदा आम्ही पोरांनी ठरवलंय, सांडव्यावर वाळूची पोती दोन फूट रचायची आणि मागून मुरूम दाबायचा. भरल्यावर पाण्याचा पसारा तीसेक एकर होतो. वर्गणी जमली, जेसीबी गावातलाच आहे, कुणाचा विरोध नाही. यात काही धोका आहे का? — डाळिंब बागायतदार, सांगोला तालुका

मालक, आधी फायद्याचं बोलू, कारण तो हिशेब तुम्ही करूनच बसला असणार. तीस एकर म्हणजे १२ हेक्टर. त्यावर दोन फूट जास्त पाणी थांबलं तर ७२,००० घनमीटर होतं. पाटाची गळती, वाफ आणि वाटेतली नासाडी मिळून ४० टक्के सोडून द्या. उरलेल्या पाण्यात साडेसात सेंटिमीटरचं एक भरणं धरलं तर ५७ हेक्टर ज्वारी एकदा भिजते. ज्वारी पोटरीत आल्यावर एक भरणं मिळणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगावं असं नाही. तेव्हा तुमची पोरं वेडी नाहीत. मोह खरा आहे.

आता धरणाच्या बाजूनं बघा. सांडव्याच्या माथ्यापासून मातीच्या बांधाच्या माथ्यापर्यंत एक अंतर सोडलेलं असतं. समजा तुमच्याकडं ते आठ फूट आहे. ते रिकामं दिसतं म्हणून फुकटचं वाटतं. त्यातले चार फूट मोठ्या पुराला वाहायला लागतात आणि वरचे चार फूट लाटांसाठी, वाऱ्यासाठी आणि आपल्या चुकांसाठी. तुम्ही दोन फूट पोती रचली की आठाचे सहा राहतात. पण तेही कागदावर. पन्नास वर्षांत मातीचा बांध दबतो, माथ्यावरून गाड्या, ट्रॅक्टर, जनावरं जातात. कुठंतरी गाडीवाटेला फूट-दीड फूट खोलगट झालेलं असतंच. सहातून ते दीड गेलं की साडेचार उरतात. पुराला चार लागले, मग हातात किती? वीतभर. आणि सप्टेंबरातला पाऊस वारं घेऊन येतो, तळ्यात लाटा उठतात.

पुढची गोष्ट तुमच्या हिशेबात आलेली नाही. पोती रचल्यावर तळ्याचं पाणी जुन्या पातळीपेक्षा फूटभर वर आलं असेल, तरी सांडव्यावरून थेंब जात नाही. पूर्वी त्याच पातळीला तो चांगला वाहत असायचा. शिवाय सांडव्यावरच्या पाण्याची उंची निम्मी झाली की वाहणारं पाणी निम्मं होत नाही. ते तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं वर राहतं. पाकिटामागचं गणित हेच होतं. याचा अर्थ असा की सुरुवातीला सांडवा फार हळू रिकामं करतो आणि तळं मात्र तेवढ्याच वेगानं भरत राहतं. आठ चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा ओघळून आला, तर चार लाख घनमीटर पाणी तुमच्या दारात येतं. तुम्ही पोती रचून जे वाचवणार होता त्याच्या साडेपाच पट, तेही सकाळपर्यंत.

दगडी बंधाऱ्याच्या डोक्यावरून पाणी गेलं तर तो बहुधा सोसतो. मातीचा बांध सोसत नाही. माथ्यावरून धार लागली की आधी खालच्या उताराचा मुरूम जातो, मग घळ पडते, मग आतल्या काळ्या मातीच्या गाभ्याला पाणी लागतं. त्यानंतर गावाच्या हातात काही राहत नाही.

आता माझं. नोकरीला चार वर्षं झाली होती. गाव सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत. तिथल्या लोकांनी सांडव्यावर अशीच पोती रचली, फक्त सव्वा फूट. मला दिसलं. त्यांनी मला हुरड्याला बोलावलं, मी गेलो, हुरडा खाल्ला, दह्यात कालवलेली शेंगाचटणी खाल्ली आणि पोत्यांचा विषय काढला नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात सायंकाळी सातला पाऊस सुरू झाला. नऊला मी सायकलच्या हँडलला टॉर्च बांधून निघालो. पोचलो तेव्हा सांडवा वाहत होता, पण पोत्यांच्या वरून. बांधावर गाडीवाटेच्या खोलगटात पाणी माथ्याला एक वीत कमी होतं. लाट आली की पाणी माथ्याच्या ओठापर्यंत येऊन परत जायचं.

वाहत्या सांडव्यातून पोतं काढणं सोपं वाटतं. पाय टिकत नाही. गावातल्या एका पैलवानाच्या कमरेला मोटेचा जुना नाडा बांधला, चौघांनी तो बाभळीला वळसा देऊन धरला आणि त्यानं कडेची चार पोती कोयत्यानं फाडली. वाळू वाहून गेली, मग बाकीची पोती पाण्यानं आपोआप ओढून नेली. पातळी उतरायला पहाट झाली. त्या रात्रीत बांध राहिला तो पैलवानामुळं, माझ्यामुळं नाही. माझ्या डायरीत त्या दिवसाची नोंद आहे : "सांडवा प्रवाहित." एवढंच. पोत्यांचं मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर हुरड्याचंही लिहावं लागलं असतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला उत्तर : आहे. धोका आहे. शिवाय महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ प्रमाणं पाटबंधाऱ्याच्या कामात असा परस्पर फेरफार करणं गुन्हा आहे. आणि वरच्या बाजूला ज्यांच्या जमिनी सांडव्याच्या पातळीपर्यंतच संपादित झाल्या, त्यांच्या रानात तुमचं दोन फूट पाणी शिरणार. "कुणाचा विरोध नाही" असं तुम्ही लिहिता. पाणी त्यांच्या तुरीत उभं राहिल्यावर परत विचारा.

"वाया गेलं" हा शब्द मात्र मला खटकला. तुमच्या ओढ्याचं पाणी माणेत जातं, माण भीमेला मिळते. वाटेत खालच्या गावाच्या विहिरी आहेत, बंधारे आहेत. तुमच्या सांडव्यावरून गेलेलं पाणी खालच्या माणसाच्या मोटरच्या फुटव्हॉल्व्हला लागत असेल, तर त्याला वाया गेलं म्हणून कसं चालेल?

करायचंच असेल तर पोत्यांची वर्गणी अशी वापरा. एक, विहिरीतल्या विमोचकाचं, म्हणजे पाटात पाणी सोडायच्या दाराचं, गेट बंद केल्यावर पाटात किती पाणी येतं ते बघा. बऱ्याच तलावांत गेटच्या खालच्या कडेला दगड किंवा लाकूड अडकलेलं असतं आणि रात्रंदिवस बोटभर धार जात असते. ती महिन्याला किती होते ते घागर धरून मोजा, तोंडात बोट जाईल. दोन, सांडव्याच्या पुढचा ओढा साफ करा. तिथं वेड्या बाभळी वाढल्या असतील तर पुराला वाट मिळत नाही. तीन, बांधाच्या माथ्यावरचा खोलगटपणा खात्याकडून मुरूम टाकून भरून घ्या. हे शेवटचं काम पोत्यांपेक्षा स्वस्त आहे आणि यातून खरोखर काहीतरी वाढतं.

प्रश्न : अण्णा, सप्रेम नमस्कार. आमचं रान धरणाच्या खाली आहे. धरण भरलं की बांधाच्या पायथ्याला ओल येते, एका जागी झरा सुटतो. तिथं माझ्या सासूबाई हळद लावायच्या, आता मी वैरण करते. यावर्षी झरा वाढल्यासारखा वाटतो. शेजारी म्हणतात, सिमेंट टाकून बुजवा. काय करू? — एक शेतकरी महिला, मोहोळ तालुका

ताई, तुमच्या पत्रामुळं मला जास्त बरं वाटलं, कारण तुम्ही "वाढल्यासारखा वाटतो" असं लिहिलंत. लक्ष ठेवणारं माणूस पायथ्याला असणं हीच लहान धरणाची खरी राखण.

मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच. खालच्या पायथ्याला दगडाचा जो भाग असतो, त्याला आम्ही रॉक टो म्हणतो, त्याचं कामच ते पाणी मातीशिवाय बाहेर सोडणं हे असतं. घाबरायचं ते पाण्याला नाही, पाण्याबरोबर येणाऱ्या मातीला. म्हणून आधी हे करा : काचेच्या ग्लासात त्या झऱ्याचं पाणी घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ बसला नाही, पाणी विहिरीसारखं नितळ असेल, तर झोप घ्या. तळाशी बोटभर नको, नुसता पापुद्रा जरी बसला, तरी त्याच दिवशी खात्याच्या कार्यालयात लेखी कळवा, पोच घ्या.

दुसरं, त्या झऱ्याला एक छोटा पाइप बसवून त्याखाली नेहमीची घागर धरा. भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलमध्ये मोजून वहीत लिहा, त्यासमोर त्या दिवशी धरणाचं पाणी कुठपर्यंत होतं तेही लिहा. विमोचकाच्या विहिरीच्या भिंतीवरचे आकडे चालतील, नाहीतर पिचिंगच्या, म्हणजे बांधाच्या पाण्याकडच्या उतारावर बसवलेल्या, दगडावर रंगानं खूण करा. धरण उतरलं की झरा मंदावतो, हे बरोबर. धरणाची पातळी तीच असताना घागर लवकर भरायला लागली, तर ते चांगलं लक्षण नाही. झऱ्याच्या तोंडाशी वाळू उकळल्यासारखी वर-खाली होत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि लगेच खात्याला फोन करा.

सिमेंट मात्र टाकू नका. चिखल तर अजिबात नको. झरा बुजवला की पाणी थांबत नाही, ते दुसरी वाट शोधतं आणि दुसरी वाट आपल्याला दिसत नाही. माणसं येईपर्यंत काही करायचंच असेल तर झऱ्यावर आधी जाडी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड असा थर द्या. पाणी जाऊ दे, माती थांबू दे. आणि ज्यांच्याकडं चावी आहे त्यांना सांगून पाटाचं गेट उघडायला लावा, धरण खाली उतरू दे.

२०१९ च्या जुलैत रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण रात्रीत फुटलं. नंतर सगळीकडं खेकड्यांनी धरण पोखरलं का, याचीच चर्चा झाली. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं, त्याची चर्चा कमी झाली. धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला, पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर लागू होतो. तुमच्या-माझ्या गावचं धरण बहुधा तेवढं उंच नसतं, कायद्याच्या बाहेरच राहतं. म्हणजे तिथं ताई आणि ताईंची वही.

वैरण करत राहा. झऱ्याजवळ विहीर मात्र खणू नका, कुणी खणत असेल तर त्यालाही अडवा. बांधाच्या पायथ्याचा खड्डा धरणाच्या पायाखालचा खड्डा असतो.

प्रश्न : आदरणीय महोदय, वर्तमानपत्रात "उजनी वजा ४० टक्के" असं येतं. पाणी वजा कसं असेल? आमचं लहान धरण कधी वजा का होत नाही, थेट कोरडंच का पडतं? — निवृत्त शिक्षक, बार्शी

गुरुजी, हा प्रश्न मला नातवानंही विचारला होता, त्यामुळं उत्तर तयार आहे.

उजनीत सगळं मिळून सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं. त्यातलं ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३.६६ मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. शंभर टक्के म्हणजे उपयुक्त साठा भरला. शून्य म्हणजे उपयुक्त साठा संपला, पण तळाशी ६३ टीएमसीहून जास्त पाणी उरलेलंच असतं. सोलापूर शहर आणि भीमाकाठची गावं ज्याच्यावर उन्हाळा काढतात ते हेच. "वजा" हे त्या मृत साठ्यातलं काढलेलं पाणी, पण मोजतात उपयुक्त साठ्याच्या टक्क्यांत. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा ६० टक्क्यांच्या जवळ गेली, म्हणजे सुमारे ३२ टीएमसी मृत साठा उपसला गेला आणि तितकाच जवळजवळ राहिला. निम्म्याहून जास्त पाणी "मृत" असलेलं धरण म्हणून उजनी जरा जगावेगळीच आहे.

लहान तळ्यात मृत साठा म्हणजे विमोचकाच्या उंबऱ्याच्या खाली राहिलेलं डबकं. मूळ आराखड्यात ती जागा गाळासाठी सोडलेली असते. पन्नास वर्षांत गाळानं ती भरून टाकली, आता तिथं पाणी राहायला जागाच नाही. म्हणून तुमचं धरण वजा होत नाही, थेट कोरडं पडतं. शिवाय वाफ. आपल्याकडं चैत्र-वैशाखात तळ्यावरून दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं. दहा हेक्टर पाण्यावरून दिवसाला १००० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर, आणि एकाचंही भाडं कुणाला मिळत नाही. उजनी खोल आहे म्हणून तिला ते परवडतं. आपलं तळं पसरट, ताटासारखं.

गुरुजी, तुम्ही पत्राच्या शेवटी "इंग्रजांनी बांधलेला हिप्परग्याचा तलाव अजून उभा आहे, आपल्या लोकांचे पन्नास वर्षांतच का थकले" असं लिहिलंय, तो टोला मी घेतला. हिप्परग्याचा, म्हणजे एकरुखचा तलाव १८७१ चा, दीडशे वर्षं उलटून गेली. तो इंग्रजांच्या हातगुणानं नाही टिकला. त्यावर सोलापूरचं पिण्याचं पाणी अवलंबून होतं, म्हणून त्याच्याकडं सतत माणूस होता. १९७२ चे तलाव सुकडी खाऊन, डोक्यावर पाट्या वाहून, खडी फोडता फोडता आपल्याच आया-मावश्यांनी बांधले. माझी आईही होती. बांधणारे कमी पडले नाहीत. बांधून झाल्यावर राखणारं कुणी नेमलं नाही.

प्रश्न : दादा, आमच्या शेजारच्या गावचा पाझर तलाव आटलाय. तिथला गाळ फुकट मिळतोय, फक्त डिझेल आपलं. आमचं रान काळं, भारी आहे. किती ट्रॉल्या टाकाव्यात? — तरुण शेतकरी, मंगळवेढा तालुका

एकही नको. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते. गाळ कशाला? तुमचं रान आधीच चिकण आहे, त्यावर गाळ घातला तर पाणी मुरायला आणखी वेळ आणि मशागतीला आणखी एक बैल. गाळ हा मुरमाड, हलक्या, उताराच्या रानाला. ते रान तुमच्या मामाकडं असेल तर त्यांना सांगा.

त्यांच्यासाठी हिशेब : एका एकरावर दोन बोटं, म्हणजे पाच सेंटिमीटर थर द्यायला सुमारे २०० घनमीटर गाळ लागतो. सत्तर ब्रास. ट्रॉली ब्रासभर धरली तर सत्तर खेपा. फुकट काय आहे ते त्यातून कळतं. गाळ टाकण्याआधी माती परीक्षण करून घ्या, खारवट असेल तर रान बिघडेल. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत बरेच तलाव उपसले गेले. चांगलं झालं. पण मी स्वतः बघितलंय, जेसीबीवाला बांधाच्या आतल्या पायथ्यालाच टेकून खणतोय, कारण तिथं गाळ जाड आणि रस्ता जवळ. बांधाची टाच खणायची नाही. कुठपर्यंत खणायचं ते आधी चुन्याची फक्की मारून आखून घ्या.

अजून एक गोष्ट, गल्लत होते म्हणून. पाझर तलाव असेल तर गाळ काढलाच पाहिजे. गाळानं तळ लिंपला की पाणी मुरत नाही आणि तलावाचं कामच मुरणं हे आहे. खालच्या विहिरी हेच त्याचे पाट. पाटाचा साठवण तलाव असेल तर गाळ काढा, पण मुरूम दिसला की थांबा. त्याच्या खाली गेलात तर तुम्ही तलावाला पाझर तलाव करून टाकाल, आणि पाटाखालचे लोक तुमच्या नावानं शिव्या देतील. शेजारच्या गावाला आधी विचारा तो कोणता आहे. लोक दोन्हीला तळंच म्हणतात.

प्रश्न : तलावात थेट मोटर टाकली तर चालतं का? सगळेच टाकतात. — नाव नको

परवानगीशिवाय चालत नाही. पाणी मागणीचा नमुना नंबर ७ भरा, पाणीपट्टी भरा, रीतसर मागा. सगळेच टाकतात म्हणून पाटाच्या शेपटाला पाणी पोचत नाही, आणि शेपटाला रान असलेला माणूस तुमचा भावकीतला असतो, हे मी एकतीस वर्षं बघत आलोय. नाव नको म्हणालात, म्हणून तुम्हाला उत्तर माहीत होतं असं धरतो.

प्रश्न : अण्णा, आमच्या धरणाच्या बांधावर बाभळी वाढल्यात. काही म्हणतात त्यांच्या मुळ्यांनी माती धरून ठेवलीय, काही म्हणतात तोडा. शेळ्या सोडल्या तर चालेल का? — एक पाणी वापर संस्था सदस्य, अक्कलकोट तालुका

तोडा. मुळी माती धरते हे ओढ्याकाठी खरं आहे. बांधात मुळी जिवंत असेपर्यंत धरते, मेली की कुजते आणि पाण्याला बोटभर जाडीची नळी तयार करून देते. शिवाय झाडी दाट झाली की घुशींची बिळं आणि पायथ्याची ओल दोन्ही दिसत नाहीत. म्हणून मनगटाएवढ्या जाडीच्या आतली रोपं दरवर्षी जमिनीलगत कापायची. मांडीएवढं खोड झालं असेल तर तुम्ही हात लावू नका. मुळासकट उपटलं तर खड्डा पडतो, तो मुरूम ठासून भरायचा असतो आणि ते काम शाखा अभियंत्यासमोर झालेलं बरं.

शेळ्या चालतील, शेंडे खातील तर उलट तुमचं काम कमी होईल. म्हशी नकोत. म्हैस उतारावरून पाण्याकडं जायची एकच वाट धरते आणि दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. पिचिंगचे दगड काढून कुणी गोठ्याला नेले असतील, तर कोण ते शोधण्यात वेळ घालवू नका. सगळ्यांनाच माहीत असतं. दगड परत आणून बसवा.

पत्र हातात पडेपर्यंत नागपंचमी जवळ येईल. त्या दिवशी आपल्याकडं चिरत-कापत नाहीत, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर जा. चौघं पुरे. जाताना पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन जा, लांब असली पाहिजे, गवंड्याकडं मिळते. बांधाचा माथा या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं तपासा आणि सगळ्यात खोलगट जागी एक खुंटी मारून या.